चिकन पॅटिस खावं, पण भट्टीतून निघालेलं



आरोग्याच्या पानावर चिकन पॅटिस बघून काहींना हसू येईल. पण वस्तीत बैठकीला गेलं की बायका रक्तदाबाचं नंतर विचारतात, आधी विचारतात, "सिस्टर, लेकरू पॅटिससाठी हट्ट करतंय, द्यावं का?" पूर्वी वाढदिवसाला चिवडा आणि केळं असायचं, आता पॅटिस आणि केक असतो. लोहाऱ्यात बाजाराच्या दिवशी बेकरीपुढं जी गर्दी असते, तिच्यात आपली माणसं भरपूर असतात. माझं उत्तर सरळ आहे. द्या. तुम्हीपण खा. पण ते कधी भाजलं आणि तेव्हापासून कुठं पडून होतं, एवढं विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

"मांसाहारच सोडा" असं सांगणारे सल्लागार आपल्या वस्तीत कमी नाहीत. त्यांतल्या अनेकांचा आक्षेप कोंबडीला नसतो, आपल्या चुलीला असतो. आपल्या धाराशिव जिल्ह्यातले शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्याची नोंद उजळ माथ्यानं करून ठेवली आहे. ज्यांना आपल्या आजीच्या चान्यांची लाज वाटते त्यांनी ते वाचावं. पहिल्या शीलाबद्दलही विचारणा होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतला फरक दाखवला आहे, तो मुळातून वाचा. वर्षावासात किंवा पौर्णिमेला ज्या घरी मांस वर्ज्य असतं, त्यांनी ते पाळावं. बाकीच्या दिवशी काय खायचं हे घरानं ठरवावं, शेजाऱ्यानं नव्हे.

आता पॅटिसकडे येऊ.

इंग्लंडात चिकन पाय म्हणून जो पदार्थ असतो, त्यात खोलगट भांड्यात कोंबडीचं दाट कालवण भरून वर मैद्याच्या पोळीचं झाकण घालतात आणि अख्खं भांडं भट्टीत ढकलतात. गोव्यात पोर्तुगीजांच्या वाटेनं आलेला एम्पादा हाही त्याच जातीचा, वाटीएवढा, आत मांस भरलेला. हैदराबादेत लग्नाच्या पंगतीला लुखमी वाढतात, चौकोनी आणि खिम्याची. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे उमरग्याहून हैदराबादला जाणाऱ्या आपल्या लोकांना लुखमी नवी नाही. आपल्याकडच्या बेकरीत मात्र यांतलं पॅटिसच पोचलं. हैदराबादकडून आलेली मंडळी त्यालाच पफ म्हणतात.

पॅटिसचे पापुद्रे कसे सुटतात ते आपल्या घडीच्या चपातीवरून कळेल. आपण पोळीला तेल लावून घडी घालतो, लाटतो, तव्यावर टाकतो. कणकेतल्या पाण्याची वाफ होते आणि तेलामुळं पदर एकमेकांना चिकटत नाहीत. पॅटिसमध्ये हेच काम पुन्हा पुन्हा घड्या घालून करतात, त्यामुळे दोन-तीन पदरांऐवजी शेकडो पदर होतात. फरक स्निग्धाचा आहे. चपातीला चमचाभर तेल पुरतं. पफच्या पिठात मैद्याच्या वजनाच्या निम्म्यापासून ते बरोबरीपर्यंत स्निग्ध घालावं लागतं. खारीचंही तेच. म्हणून पॅटिस हातात हलकं लागलं तरी पोटाला हलकं नसतं.

हे स्निग्ध म्हणजे लोणी असेल तर उत्तम, पण स्वस्तातल्या पॅटिसमध्ये ते नसतं. असतं ते वनस्पती तूप, ज्याला आपण सगळेच डालडा म्हणतो, किंवा बेकरीचं मार्गारीन. तेल घट्ट करताना तयार होणारी ट्रान्स चरबी हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फार वाईट. आपल्या देशात १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात तिचं प्रमाण २ टक्क्यांच्या वर चालत नाही. कायदा चांगला आहे, पण सुट्या डब्यातून आलेल्या तुपावर लेबल वाचायची सोय नसते. एक साधी ओळख सांगते. लोणी तोंडाच्या उष्णतेनं वितळून जातं. पॅटिस खाऊन झाल्यावर टाळूला मेण लावल्यासारखं बुळबुळीत वाटत राहिलं, पाणी प्यायलं तरी जात नसलं, तर आत जड तूप आहे. अशा बेकरीत पुन्हा जाऊ नये. जुन्या तुपाला रंगासारखा खवट वास येतो, तो तर पहिल्या घासालाच कळतो.

काचेच्या पेटीतला पिवळा दिवा

तूप हा रोजच्या खाण्याचा प्रश्न. एका खाण्यात माणूस आडवा पडतो तो दुसऱ्याच कारणानं.

शिजलेली कोंबडी ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये पडून राहिली की तिच्यात जंतू झपाट्यानं वाढतात. साधा नियम दोन तासांचा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तो एका तासावर येतो. आता बेकरीतली काचेची पेटी आठवा. आत एक पिवळा दिवा, खाली पॅटिसची रांग. हात लावला तर पॅटिस कोमट लागतं आणि आपल्याला वाटतं गरम आहे. कोमट हीच सगळ्यांत वाईट अवस्था. थंड फ्रिजमध्ये जंतू फारसे वाढत नाहीत, कडकडीत गरममध्ये मरतात, आणि कोमटात त्यांची जत्रा भरते. त्या दिव्यानं पॅटिस दिसायला सोनेरी दिसतं, एवढाच त्याचा उपयोग. काही ठिकाणी खरोखरीची गरम पेटी असते, तिला बाहेर तापमानाचा आकडा असतो. तो ६० च्या वर असला तर हरकत नाही.

दुसरी गोष्ट आतल्या सारणाची. अनेक बेकऱ्यांत कोंबडीचा मसाला रात्री शिजवून पातेल्यात ठेवतात आणि पहाटे भरतात. पातेलं रात्रभर फ्रिजबाहेर असेल, किंवा भरणाऱ्याच्या बोटाला पिकलेली जखम असेल, तर स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू त्यात विष सोडतो. हे विष पुन्हा तापवून जात नाही. जंतू मरतो, विष राहतं. म्हणून "सकाळचं आहे, पण गरम करून देतो" या वाक्यावर विसंबू नका. वासानंही कळत नाही, कारण आलं-लसूण-गरम मसाल्याखाली सगळं झाकून जातं.

यातूनच वस्तीचा खरा प्रश्न निघतो. भट्टीतून पहिला ट्रे निघतो तो मेन रोडच्या गिऱ्हाइकाला जातो. जे उरतं ते संध्याकाळी सायकलच्या किंवा मोटारसायकलच्या डब्यात बसून आपल्या गल्लीत येतं, पाच-दहा रुपयांनी स्वस्त. लेकरं भोवती गोळा होतात. विकणारा पोरगा बहुतेक आपल्यासारखाच गरीब, त्याच्यावर राग धरून काय करणार. पण तो डबा सकाळपासून उन्हात फिरला आहे. एकेकाळी हॉटेलात आपला कप वेगळा ठेवलेला असायचा, बाहेर उकिडवं बसून चहा प्यायलेली माणसं अजून वस्तीत आहेत. बेकरीच्या काउंटरवर निदान जात विचारत नव्हते, पैसे दिले की पाव मिळायचा, म्हणून आपल्या लोकांना बेकरी आपली वाटते. आता त्याच काउंटरवर पुढचा ट्रे मागायचा आपल्याला संकोच का वाटावा? दहा रुपये वाचवून मेन रोडची उरलीसुरली पेटी आपण का संपवायची?

चांगलं पॅटिस शोधायचं कसं

बेकरीवाल्याला पहिला प्रश्न दराचा विचारू नका. विचारा, "ट्रे कधी निघतो?" बहुतेक बेकऱ्यांची सकाळची एक वेळ असते आणि दुपारनंतर चार-पाचच्या सुमाराला दुसरी. जो वेळ ठामपणे सांगतो, त्याच्याकडे त्या वेळेला जा. जो "कधीपण या, गरमच आहे" म्हणतो, त्याच्याकडे शक्यतो चहाबरोबर खारी घ्या. खारीत ओलं सारण नसतं, ती टिकते.

गर्दी ही चांगली खूण आहे. पुण्यात आपटे रोडवरच्या संतोष बेकरीचं पॅटिस शाकाहारी आहे, पण तिथं काय होतं ते बघण्यासारखं आहे. गरम ट्रे येतो आणि रांग तो संपवते, पेटीत पडून राहायला वेळच मिळत नाही. चव कारागिराच्या हातात असते हे खरं, पण ताजेपणा गिऱ्हाइकाच्या रांगेत असतो. आपली शिकायला गेलेली मुलं पुण्यात असतात, त्यांनी कॅम्पात जरूर फिरावं. तिथल्या जुन्या बेकऱ्यांनी आणि कॅफेंनी चिकन रोल, सँडविच असलं खाणं पुण्याला लावलं. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी प्रसिद्ध आहे ती श्रूजबरी बिस्किटासाठी, तिथं जाऊन पॅटिस शोधत बसू नये. मुंबईला चैत्यभूमीला गेलेल्यांना एखादा दिवस मोकळा मिळाला तर धोबी तलावाजवळ १९०४ सालापासून चालणारं कयानी अँड कंपनी हे इराणी हॉटेल आहे. संगमरवरी टेबल, लाकडी खुर्च्या, आणि शेजारी कोण बसला आहे याची कुणाला पर्वा नाही.

आपल्या बाजूला लोहारा, उमरगा, नळदुर्ग, सोलापूर या रस्त्यावर नाव घेऊन सांगण्यापेक्षा खूण सांगते, कारण मालक बदलतो, कारागीर गावी जातो आणि तीच पाटी लावलेल्या दुकानातली चव जाते. ज्या बेकरीच्या पाटीवर अय्यंगार लिहिलं आहे, तिथं बहुधा चिकन मिळत नाही. स्वतःची भट्टी मागं असलेली बेकरी निवडा. दुसऱ्या गावाहून टेम्पोत माल आणून विकणारं दुकान नको. दर्शनी भिंतीवर अन्न सुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक लावलेला असला पाहिजे, नसेल तर विचारा. पॅटिस चिमट्यानं उचलतात की नोटा मोजलेल्या हातानं, ते बघा. कागद कसला देतात तेही बघा. वर्तमानपत्रात अन्न गुंडाळायला २०१८ च्या नियमांनी मनाई आहे, शाईतलं विष तुपात लवकर उतरतं आणि पॅटिसला तर तूपच तूप.

हातात आल्यावर ते तिथंच मधोमध मोडा. पापुद्रे कुरकुरत तुटले पाहिजेत. आतून वाफ यायला हवी, जीभ भाजेल अशी. खालची बाजू ओलसर, चामट असेल तर ते वाफेत पडून राहिलं आहे किंवा मायक्रोवेव्हमध्ये फिरवलं आहे. सारण कोरडसर असावं आणि त्यात कोंबडीचे धागे डोळ्यांना दिसावेत. नुसता बटाटा, कांदा आणि पिवळा रंग असेल, कोंबडीचा फक्त वास असेल, तर ते चिकन पॅटिस नव्हे. आतलं मांस गुलाबी, रबरासारखं लागलं तर परत करा. "ताई, एवढ्याशा पॅटिसला काय परत करता" असं कुणी म्हटलं तरी करा.

आणि मग उभं राहून, फुंकर मारत, पापुद्रे अंगावर सांडत खा. गरम पॅटिस घरी नेण्याची वस्तू नाही. पिशवीत घातलं की दहा मिनिटांत स्वतःच्या वाफेनं मऊ पडतं. बरोबर लिंबू पिळलेला कांदा आणि काकडी घेतली तर तुपटपणा कमी होतो. चहा मात्र जरा थांबून घ्या. चहामुळं अन्नातलं लोह अंगी लागायला अडथळा येतो आणि आपल्या बायकांना लोहाची उधळपट्टी परवडणारी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांत ५४ जणींना रक्तक्षय आढळला होता.

याच कारणानं एक गैरसमज दूर करायला हवा. "लेकराला ताकद येते म्हणून रोज चिकन पॅटिस देते" असं सांगणाऱ्या आया मला भेटतात. एका पॅटिसमधलं मांस बाजूला काढून बघा, एक-दोन चमचे निघेल. बाकी मैदा आणि तूप. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. एका पॅटिसच्या पैशात घरी तीन-चार अंडी येतात, आणि चार पॅटिसच्या पैशात घरभर पुरेल एवढी कोंबडी. रक्तासाठी तर कोंबडीच्या मांसापेक्षा कलेजी कितीतरी चांगली, फक्त गरोदर बाईनं ती डॉक्टरांना विचारून खावी. पॅटिस हे मजेचं खाणं आहे. महिन्यात दोनदा मजा करावी, रोजचा डबा त्यावर चालवू नये. साखर किंवा रक्तदाब असलेल्यांनी अर्धं खावं, मीठ आणि मैदा दोन्ही त्यात भरपूर. वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको, आणि पाच वर्षांखालच्या मुलाला देताना हाडाचा तुकडा बोटानं चाचपून मगच द्या. गरोदर बाईनं फक्त तोंड भाजेल असं गरम.

खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुधा वर सांगितलेलं विष असतं. जुलाब, ताप, पोटात कळा अशा तक्रारी सहा तासांपासून अगदी काही दिवसांनीही सुरू होतात, तेव्हा साल्मोनेलाची शंका येते. दोन्हीत पहिलं औषध पाणी. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण घाला, अर्धं-अर्धं करू नका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चमच्या-चमच्यानं पाजा. जुलाब बंद करायची गोळी लेकराला स्वतःहून देऊ नका. शौचात रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, लेकरू पाणीही पीत नाही किंवा गुंगीत आहे, यांतलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. एकाच वेळी अनेकांना त्रास झाला तर उरलेलं पॅटिस फेकू नका, पिशवीत बांधून थंड जागी ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या फुकट क्रमांकावर कळवा. तपासणीला नमुना लागतो, नुसत्या तक्रारीवर फारसं होत नाही.

हे सगळं मोठ्या प्रमाणावर घडतं ते आपल्या कार्यक्रमांत. १४ एप्रिलला ऐन उन्हाळ्यात दोनशे पॅटिसची ऑर्डर सकाळी येते, मिरवणूक लांबते आणि वाटप रात्री नऊला होतं. मंडळांच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे, बेकरीवाल्याशी वाटपाची वेळ ठरवा, मिरवणूक निघण्याची नव्हे. भट्टीतून निघाल्यावर दोन तासांच्या आत, एप्रिल असेल तर एका तासाच्या आत, शेवटच्या लेकराच्या हातात पडलं पाहिजे. ते जमण्यासारखं नसेल तर चिकन बाजूला ठेवा आणि खारी, केळी, शेंगदाण्याचे लाडू वाटा. नागपूरला दीक्षाभूमीला किंवा ६ डिसेंबरला दादरला जाताना बॉक्स भरून चिकन पॅटिस नेणारे असतात. रात्रभराच्या प्रवासात ते टिकणार नाही. त्यापेक्षा दशमीच्या पोळ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, आणि पहिल्या जेवणापुरती न सोललेली उकडलेली अंडी न्यावीत.

ज्यांच्या घरी भट्टी नाही, म्हणजे आपल्या सगळ्यांच्याच, त्यांच्यासाठी तव्यावरचं पॅटिस. अर्धा किलो कोंबडी हळद, मीठ, आलं-लसूण घालून हाडापासून सुटेपर्यंत उकडा. मांस हातानं उकलून घ्या, हाडं नीट वेचा. उरलेल्या पाण्याचं सूप आजारी माणसाला द्या. कांदा परतून त्यात येसर, थोडं तिखट आणि मांस घाला, पाणी पूर्ण आटेपर्यंत परता, वर कोथिंबीर टाका. सारण ताटात पसरून गार करा. गरम भरलं तर पदर फाटतात, आणि तासन्‌तास बाहेर ठेवलं तर वरची सगळी कथा पुन्हा सुरू. चपातीची कणीक घेऊन पोळी लाटा, तेल लावून वर कोरडं पीठ भुरभुरा, घडी घाला, पुन्हा लाटा, असं तीनदा करा. चौकोन कापून सारण भरा, कडा पाण्याच्या बोटानं चिकटवून काट्यानं दाबा. जाड तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून एका बाजूनं सहा-सात मिनिटं, मग उलटून तेवढंच, कडेनं चमचाभर तेल सोडत. शेवटची दोन मिनिटं झाकण काढा, नाहीतर वाफेनं मऊ पडतं. बेकरीसारखे शेकडो पदर सुटणार नाहीत, पाच-सहा सुटतील. कोंबडी मात्र भरपूर असेल.